पाण्यातला पट्टा

माघ लागला की सोलापुरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. गच्च्यांवरून मुलांची पाठांतरं ऐकू यायला लागतात आणि रस्त्याच्या कडेला कलिंगडांचे ढीग पडतात. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्यामुळे पाठांतरांशी माझा आता संबंध उरलेला नाही, पण ढीग दिसला की पाय आपोआप थांबतात. फळ उचलायचं, कानाशी धरायचं, टिचकी मारायची आणि विचारायचं, नदीतलं आहे का? परवा विजापूर रस्त्यावरच्या फळवाल्या बाईंनी माझ्याकडे जरा काळजीनेच पाहिलं. त्या म्हणाल्या, आता कलिंगड शेतात होतं, प्लॅस्टिकच्या कागदावर, ठिबकवर, आणि बाराही महिने होतं. त्यांचं बरोबरच होतं. फळ गोड निघालं, हेही कबूल करायला हवं. तरी ते खाताना मी वाळूचा एखादा कण दाताखाली यायची वाट बघत होते.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय भूगोल. आमच्या सरांनी प्रत्येकाला एकेक भूरूप वाटून दिलं होतं. त्यावर अहवाल लिहायचा, नकाशा काढायचा. कुणाला टेकडी मिळाली, कुणाला ओढा, कुणाला तळं. माझ्या वाट्याला बेट आलं. सोलापुरात बेट म्हटल्यावर दादा, म्हणजे माझे वडील, पोट धरून हसले. ते होटगी स्टेशनात नोकरीला होते. समुद्र कुठून आणायचा तेही सरांना विचारून घे, म्हणाले.

समुद्राची गरज नव्हती. सीना जिथे भीमेला मिळते तिथे, सीनेच्या मुखातच, एक बेट होतं. दादांच्या हाताखालचा, रुळांचे सांधे बदलणारा मारुती सांधेवाला बेटासमोरच्या काठावरच्या गावचा. त्याची थोरली बहीण गोदाक्का त्या वर्षी बेटावर कलिंगडांची वाडी करणार होती. तिच्याकडे माझी राहायची सोय लागली. नाताळच्या सुट्टीत चार दिवसांसाठी म्हणून गेले आणि रथसप्तमी उरकल्यावरच परतले. त्या सत्रात माझी हजेरी किती भरली, हे कुणी विचारू नये.

काठावरून बेट पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी चांगलीच निराशा झाली होती. माझ्या डोक्यात बेट म्हणजे नारळ वगैरे. इथे वरच्या अंगाला पाण्यातून वर आलेला एक काळा कातळ होता आणि त्याच्या मागे निमुळती होत गेलेली वाळू. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायला बिडी ओढून संपते तेवढा वेळ लागायचा, असं गावकरी सांगत. कातळाला ते म्हैस म्हणत. पाण्यात बसलेल्या म्हशीसारखाच तो दिसायचा आणि तिच्याइतकाच हलायला नाखूश होता.

बेट का झालं, याचं शास्त्र सरांनी सांगितलं होतं. पावसाळ्यात भीमा फुगते, तेव्हा सीनेला तिच्यात शिरायला जागा मिळत नाही. ती मुखाशी तुंबते आणि तुंबलेलं पाणी आपल्याबरोबर आणलेली वाळू, गाळ खाली टाकतं. म्हशीच्या आडोशाला तो गाळ टिकतो. हे सगळं मी गोदाक्काला मोठ्या हौसेने समजावून सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने मान हलवली.

"थोरली जाऊ चुलीपाशी आसली की धाकटीनं दारात थांबायचं," ती म्हणाली. "आन हातातलं खाली ठिवायचं. नायतर हात दुखत्यात की."

पुढे चौतीस वर्षं मी हे वाक्य वर्गात सांगितलं आणि त्या प्रश्नात एकाही मुलाचे गुण गेले नाहीत.

त्या दिवसांची आठवण पायांपासून सुरू होते. पहाटे वाळू वरून बर्फासारखी गार असायची. तळवा थोडा आत रुतवला की खाली आदल्या दिवसाची ऊब सापडायची. नदीवर धुक्याचा धूर धरलेला असायचा, त्यात टिटवी कुठेतरी कावलेली. बेटाच्या एका अंगाला पुराने वाळू उभी कापली होती, कमरेएवढी भिंतच झाली होती. तिच्यात थर दिसायचे. काळा गाळ सीनेचा, तपकिरी भीमेचा, मधे बारीक वाळू, मग जाड वाळू, मग शिंपल्यांचा चुरा, पांढरे चुनखडे. मी वहीत प्रत्येक थराची जाडी लिहायची. गोदाक्का शेजारी उकिडवी बसून बोट लावत सांगायची, हा मारुतीच्या लग्नाच्या सालचा, हा म्हसोबाच्या पायरीला पाणी लागलं त्या सालचा. एका ठिकाणी दोन जाड थरांच्या मधे दोऱ्याएवढी करडी रेघ होती. तिच्यावर तिने नुसतं बोट ठेवलं. मी विचारलं तर म्हणाली, दुष्काळ. पूर आलाच नाही तर थर कुठून येणार, नुसती वाऱ्याची धूळ बसली होती. वर्गात ज्यावर चार तास व्याख्यान झालं असतं ते मला त्या एका रेघेत कळलं.

दगडांचं ज्ञान तिला दुष्काळी कामावर झालं होतं. नवऱ्याने दुसरी केली, तेव्हा ती माहेरी परतली आणि लगोलग दुष्काळ पडला. दोन उन्हाळे तिने खडी फोडली. कुठला दगड एका घावात फुटतो, कुठला नुसता टणकतो, कुठल्याच्या पोटात पांढरे चमकते खडे निघतात, हे ती हातोडीच्या आवाजावरून सांगायची. त्या पांढऱ्या खड्यांची शास्त्रीय नावं मी तिला शिकवली. तिने ती दोनदा म्हणून पाहिली आणि नाकारली. आमच्याकडे त्यांना साखरदगड म्हणतात तेच बरं, म्हणाली.

आता तिच्या पट्ट्याचं सांगायला हवं, कारण त्या हिवाळ्यात आम्हा दोघींना दुसरं काही सुचतच नव्हतं. बेट कुणा एकाचं नव्हतं. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की काठावरची घरं चिठ्ठ्या टाकून त्याचे आडवे पट्टे वाटून घ्यायची आणि त्यात कलिंगड, खरबूज लावायची. चिठ्ठीत नाव असायचं ते घरातल्या बाप्याचं. त्या वर्षी गोदाक्काने आपलं नाव घाला म्हणून सांगितलं. सगळ्यात वडील माणूस भीमराव आण्णा. त्यांना नाहीही म्हणवेना आणि होही म्हणवेना. शेवटी कुणीतरी थट्टेत म्हटलं, सगळे पट्टे संपलेत, शेपटाकडचा तेवढा राहिलाय, तो दे तिला. सगळे हसले, कारण बेटाचं शेपूट, म्हणजे खालचं निमुळतं टोक, तेव्हा मांडीभर पाण्याखाली होतं. गोदाक्का म्हणाली, चालंल. आणि हसणाऱ्यांची तोंडं मिटायच्या आत पदर खोचून घरी आली.

नियम असा होता की रथसप्तमीचा सूर्य उगवायच्या आत पट्ट्यात आळी खोदून बी पडलं पाहिजे. नाही पडलं तर पट्टा गावाकडे परत आणि नाव चिठ्ठीतून कायमचं बाद. नियमात खोट नव्हती. उशिरा लावलेलं कलिंगड पिकेपर्यंत वळवाचं पाणी येतं आणि सगळंच वाहून जातं. म्हणजे नदीला रथसप्तमीपर्यंत उतरणं भाग होतं. ती वेळेवर उतरली तर गोदाक्काचं नाव बेटावर राहणार होतं, नाहीतर पुन्हा भावाच्या चुलीवर.

तिने तयारी अशी केली होती की जणू पट्टा कोरडा ठणठणीत आहे. धनगरांचा कळप रानात बसवून घेतला होता आणि लेंडीखताचा ढीग पोत्यांनी झाकून ठेवला होता. वेळ आली की बी भिजवून, फडक्यात बांधून, राखेच्या उबेला मोड आणायचे होते. आणि रोज सकाळी ती पाण्यात जाऊन उभी राहायची. शेपटापाशी एक ठरलेली जागा होती. लुगडं वर धरून ती तिथे गेली की पाणी पायाला कुठे लागतं ते बघायची आणि परत येऊन सांगायची. गुडघ्याच्या वाटीखाली. मग दोन दिवसांनी, पोटरीच्या फुगाऱ्याला. नदीचं माप ती स्वतःच्या पायावर घेत होती.

मला हे भूगोलाच्या दृष्टीने फारच ढोबळ वाटलं. मी एक बांबू आणला, त्यावर चार बोटांच्या अंतराने काळे-पांढरे पट्टे रंगवले आणि तिच्या जागेपासून चार पावलांवर वाळूत रोवला. रोज सकाळी बांबूवरचा आकडा वहीत टिपायचा आणि आलेख कागदावर ठिपका द्यायचा. बांबू प्रवाहात डुगडुगायचा, म्हणून आकडा बघायच्या आधी मी त्याला दगडाने दोन सणसणीत ठोके घालायची. पहिले तीन-चार दिवस ठिपके छान उतरत गेले. मग रेघ आडवी झाली. चार दिवस, पाच दिवस, नदी एक बोटही उतरायला तयार नाही.

गोदाक्काचा पाय मात्र वेगळंच सांगत होता. पोटरी गेली, नडगी आली. मी तिला आलेख दाखवला. ती रेघ तिने बराच वेळ बघितली. ती मला खोडून काढील असं वाटलं होतं. पण तिने आपल्या पायाकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तोच तिला फसवत होता. शाई आणि कागदावर या बाईचा केवढा विश्वास होता, ते आठवलं की मला अजून लाज वाटते.

शेजारचा पट्टेकरी शिदाप्पा मधूनमधून यायचा. त्याचा पट्टा म्हशीच्या बगलेला, कोरडा पण सगळा गोटे आणि चुनखडा. त्यात वेल धरले तरी फळं पेरूएवढी. तो म्हणायचा, अक्का, तुझं पाणी मला दे, माझे गोटे तू घे. गोट्यांत निदान बी तर पडेल, नाव तर राहील. माणूस वाईट नव्हता. पण उतरल्यावर शेपटाला सगळ्यात भारी गाळ सापडतो, हे त्यालाही माहीत होतं. रथसप्तमीला सहा दिवस उरले तेव्हा मी स्वतःच्या तोंडाने गोदाक्काला म्हटलं, अक्का, नदी थांबली आहे, अदलाबदल करून टाका. सकाळी आण्णांच्या खोपीत बसून अदलाबदलीची बोली करायची, असं ठरलं.

त्या सकाळी ती पायाचं माप घ्यायला गेलीच नाही. मी एकटीच बांबू काढून आणायला पाण्यात उतरले. काढताना त्याला मिठी मारली आणि उपसला. बाहेर आला तो आधी वाटला त्यापेक्षा बराच लांब. मी रोवताना खाली दोन पट्टे पुरले होते. आता ओली वाळू चिकटली होती ती जवळजवळ चार पट्ट्यांवर. नदी रोज उतरत होती आणि दोन ठोके घालून बांबूला मी रोज तिच्याबरोबर खाली नेत होते. आमच्याकडे तंबूची खुंटी मुरमात ठोकतात. ती बसली की बसली. वाळूही तशीच वागेल, हे मी न बघताच धरून चालले होते.

मी धावत सुटले. खांद्यावर बांबू, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि मधे जेवढे पट्टे होते तेवढ्यांतल्या माणसांनी मान वर करून पाहिलं. खोपीत चहा उकळत होता. बोली व्हायची होती का होऊन गेली, हे मला कळेना. मी बांबू सगळ्यांच्या मधे आडवा टाकला आणि काय झालं ते एका दमात सांगितलं. शिदाप्पाने बांबूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गालातल्या गालात हसत चहाची बशी उचलली. आण्णा म्हणाले, बोली अजून झालेली नाही.

मग गोदाक्काने मला जे धुतलं, तसं मला जन्मात कुणी धुतलं नाही. शिकलेली म्हैस, हा त्यातला लिहिण्याजोगा भाग. माझ्या पायाला खोटं पाडलंस, माझं नाव घालवायला निघाली होतीस, काठीला ठोकताना हात झडला नाही का तुझा. मी खाली मान घालून ऐकत होते आणि खरं सांगायचं तर मला इतकं हलकं वाटत होतं की हसू दाबावं लागत होतं. तिचा दम संपल्यावर आण्णांनी तिला विचारलं, मग काय करायचं.

"माजा पट्टा पान्यातच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माजा पाय दगडावर हुबा ऱ्हातो. ठोकून खाली जायचा न्हाय."

ही दगडाची गोष्ट तिला इतकी उघड वाटत होती की तिने ती मला कधी सांगितलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी तिच्या जागेवर लोखंडी सळई खुपसून पाहिली. बोटभर वाळू, आणि मग खण्ण. खाली कातळ होता, म्हशीसारखाच काळा, पाण्याखालून आडवा गेलेला. बेट दोन दगडांच्या मधे धरलेलं होतं, म्हणून तर एवढे पूर येऊनही ते वाहून जात नव्हतं. माझ्या अहवालात हेच सगळ्यात महत्त्वाचं पान ठरलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, हे तुम्हाला कसं लक्षात आलं? मी म्हटलं, एका बाईंच्या पायामुळे. त्यांनी ते हसण्यावारी नेलं, पण गुण चांगले दिले.

पुढे वर धरण झालं. नदी आता सोडली की वाहते आणि अडवली की थांबते, पौषात पाणी चढतं आणि श्रावणात दगड उघडे पडतात. वाळूही ट्रकांनी पुष्कळ गेली. मागच्या वर्षी भाचीच्या गाडीतून जाऊन आले, तर म्हैस जागच्या जागी होती आणि तिच्यामागे थोडी हिरवळ. भाची म्हणाली, मावशी, हेच का ते बेट? मी हेच म्हटलं आणि तिला खाली उतरवून कातळावरचे साखरदगड दाखवले. तिने फोटो काढले. आम्ही शेंगाचटणी-भाकरी खाल्ली. हळहळ वाटली, पण ती भाकरी संपेपर्यंतच. त्या जागी मला दुःखी व्हायला कधी जमलेलं नाही.

त्या हिवाळ्यात शेपूट उघडं पडलं ते रथसप्तमीला दोन दिवस राहिले असताना. आदल्या दिवशी घोट्याएवढं पाणी होतं. त्या सकाळी धूर विरला तर पाण्याबाहेर काळपट, चकचकीत जमीन होती, आणि तिच्यावर एक बगळा आमच्या आधी येऊन उभा होता. गोदाक्काने हाताने गाळ उचलला, वास घेतला आणि पुन्हा होता तिथे नीट ठेवला. बी राखेत चढवलेलं होतंच. आळी खोदायला घाई होती. पण त्याआधी आण्णांनी येऊन पट्टा मापून द्यायला हवा होता. दुपारी ते आले. बरोबर शिदाप्पा होता, आणखी दोघे होते आणि आण्णांच्या खांद्यावर दोर होता.

रीत अशी निघाली की दोराचं एक टोक पट्टेकऱ्याने धरायचं आणि दुसरं त्याच्या घरच्याच माणसाने, म्हणजे मागाहून कमी भरलं म्हणून कुरकुर करायला जागा राहत नाही. बाकीच्यांकडे कुणाची बायको होती, कुणाचा मुलगा. मारुती होटगीला ड्यूटीवर होता आणि त्याची बायकोही तिकडेच होती. आण्णांनी टोक हातात धरून इकडेतिकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांना अडवायची इच्छा नव्हती, पण रीत मोडायचीही नव्हती.

"दुसरं टोक कोण धरणार, गोदे? घरचं मानूस लागतंय."

"ही हाय की," गोदाक्का म्हणाली.

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "ही पावनी हाय. होटगीची."

"पावनी चुकली आस्ती तर आसू दे म्हनून सोडून दिली आस्ती," ती म्हणाली. "तुमच्याच खोपीत हिला शिव्या घातल्यात म्या, समद्यांनी ऐकल्यात. घरच्याबिगर कुनाला घालत्यात व्हय तसल्या?"

शिदाप्पा आधी हसला, मग आण्णाही. त्यांनी दोराचं टोक माझ्या हातात दिलं. मी ओल्या गाळात पाय रोवून उभी राहिले. गोदाक्का दुसरं टोक घेऊन, माझ्याकडे तोंड करून, एकेक पाऊल मागे टाकत पार पाण्याच्या कडेपर्यंत गेली. दोर ताठ झाला तसं तिने तिकडून ओरडून सांगितलं, सैल सोडू नकोस. मी दोन्ही हातांनी धरला होता.